सुरमई खाडीत येत नाही

मासळी बाजारात रुचिरा डोर्लेकरने मोबाइल वर केला की मासेवाल्या पदर सारखा करतात, गिऱ्हाइकं पोट आत घेतात आणि बर्फवाला उगाचच लादी जोरजोरात फोडतो. ‘बंदरावरून रुचिरा’ हे तिच्या यूट्यूब चॅनेलचं नाव. रत्नागिरीत तर ती ठाऊक आहेच, पण कोकणातला माणूस पोटासाठी जिथे जिथे गेला तिथल्या स्वयंपाकघरांतही तिचा आवाज ओळखीचा झाला आहे. कुर्ली कशी फोडावी, कोळंबीचा दोरा कसा काढावा, मुशीचा वास कसा घालवावा, सगळं ती हसत हसत दाखवते. तिला खेकडेवाली म्हणून ओळखणारे लाखभर असतील. बातमीदार म्हणून ओळखणारे मात्र गेल्या वर्षापर्यंत एका होडीत मावले असते.

आणि बाई मुळातली बातमीदारच. आरे-वारेच्या पुढे खाडीच्या काठाला तिवरबंदर नावाची चार-पाच आळ्यांची वस्ती आहे, ते तिचं गाव. वडील मोठ्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे घरात कमी आणि समुद्रात जास्त. मासा ओळखायला, निवडायला आणि कापायला ती शिकली ठमाबाईकडून. ठमाबाई तिची सख्खी मावशी. रत्नागिरीच्या बाजारात खांबाजवळची जागा तिची, आणि त्या जागेवर दुसरी कोणी बसली तर काय होतं हे बाजारात एकदाच घडलं, पुन्हा घडलं नाही. रुचिरा लहानपणी सुट्टीत तिच्याजवळ बसायची, पुढे कॉलेजातही सकाळचा एक तास तिथे काढून मग वर्गात जायची. शेजारच्या मुली नाक दाबायच्या, ही खुशाल पुढच्या बाकावर बसायची.

कॉलेज झाल्यावर ती इथल्याच एका केबलच्या बातम्यांत लागली. बातम्या वाचायच्या, आणि त्या आणायच्याही आपणच. पाणीपुरवठ्याची रखडलेली टाकी, बंद पडलेली एसटी, अशा बातम्या ती चिकाटीने करायची. मालक म्हणायचा, "रुचिरा, जाहिरात देणाऱ्याचं नाव तेवढं घेऊ नकोस." आणि गावात जाहिरात देत नव्हता असा माणूस शोधावा लागायचा! पुढे ते केबल बंद पडलं. रुचिराच्या हातात एक बरा मोबाइल, एक माईक आणि प्रश्न विचारायची खोड एवढं उरलं. मग तिने चॅनेल काढलं. पहिले व्हिडिओ रस्त्यांचे, टाक्यांचे होते आणि ते बघायला कुत्रंही फिरकलं नाही. एक दिवस कंटाळून तिने मावशीला कुर्ली फोडताना दाखवलं, आणि चॅनेल धो धो चाललं.

तेव्हापासून तिचं गणित ठरलं. माशांच्या व्हिडिओवर घर चालवायचं आणि घर चालवून जो वेळ उरेल त्यात खऱ्या बातम्या करायच्या. ऐकायला सोपं वाटतं. कॅमेऱ्यापुढे कोळंबी सोलताना चेहऱ्यावर हसू ठेवायचं आणि डोक्यात पाटबंधारे खात्याचं उत्तर घोळवायचं, हे करून बघावं म्हणजे कळतं. तरी तिने ते वर्षानुवर्षं केलं, कुरकुर न करता.

बोयीची गोष्ट तिच्याकडे जानूकाका घेऊन आला. जानूकाका तिवरबंदरचाच, खाडीत लहान होडीवरून जाळं टाकून जगणारा. बोय हा खाडीतला मासा, गरिबाच्या ताटातला. जानूकाका तिच्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, बोय मरून वर येतेय. पोट वर करून. कुणाला सांगू? सरकारी मानूस येतो तवा पानी साफ असता."

"रोज मरते?" रुचिराने विचारलं.

"रोज नाय. भांगाला मरते."

भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासची भरती-ओहोटी. पुनवेला, अमावास्येला पाणी उधाणाचं असतं, चढतं तेही जोरात आणि उतरतं तेही जोरात. भांगाला पाणी आळसावलेलं, धड चढत नाही, धड उतरत नाही. रुचिरा तांडेलाची मुलगी. तिच्या मनात तिथल्या तिथे आलं की खाडीत कोणीतरी काहीतरी ओततंय. उधाणाला ते समुद्रात वाहून जातं, भांगाला जागच्या जागी राहतं.

मग ती त्या गोष्टीच्या हात धुऊन पाठीमागे लागली. पहाटे उठून तिवरांच्या झाडीत जाऊन बसायची, पायाला चिखल, मानेला डास. पुलाखाली टँकर येऊन उभा राहतो, पाइप सोडतो आणि उजाडायच्या आत निघून जातो, हे तिने एकदा नाही, कितीतरी वेळा टिपलं. स्कूटरवरून टँकरचा पाठलाग करत ती थेट संगमेश्वरपर्यंत गेली आणि हायवेवरच्या ढाब्यात ड्रायव्हरच्या शेजारच्या टेबलावर बसून तिने वडापाव मागवला. ड्रायव्हर बिचारा भोळा. म्हणाला, "मॅडम, आम्ही ओहोटी बघूनच सोडतो, सगळं वाहून जातं." मोबाइलवर त्याने भरतीचं वेळापत्रकही काढून दाखवलं. वेळ बरोबर होती. फक्त कुठल्या ओहोटीला जोर नसतो ते त्या वेळापत्रकातून त्याला कळलं नव्हतं. पाण्याच्या बाटल्या भरून तिने प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, त्यांत रासायनिक घाण निघाली, टँकरच्या ठेकेदाराला फोन केला, त्याचा नकारही नोंदवून घेतला. जानूकाका कॅमेऱ्यापुढे बोलला, आणि बोलता बोलता रडलाही.

व्हिडिओ उत्तम झाला होता. बातमी कशी करावी हे कोणाला शिकवायचं असेल तर तो दाखवावा. तिने शीर्षक दिलं, "तिवरबंदरच्या खाडीत बोय का मरते?" आणि वर चित्र लावलं पुलाखालच्या टँकरचं.

कोणी बघितला नाही. म्हणजे नातेवाइकांनी बघितला. जानूकाकाच्या विरारच्या मुलाने दोनदा बघितला. एका गिऱ्हाइकाने खाली लिहिलं, "ताई, कुर्लीचा नवीन व्हिडिओ कधी?" रुचिराने तो प्रश्न वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि मागीलदारी जाऊन उगाचच स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

तिच्या चॅनेलचं संपादन आणि वरची चित्रं करायचा तिचा धाकटा भाऊ चिराग. तो मुंबईत एका जाहिरात कंपनीत आहे आणि लोकांचं बोट कशावर पडतं हे त्याला पक्कं कळतं. त्याने फोन केला.

"ताई, व्हिडिओ बदलू नको. नुसतं कव्हर बदलूया."

"म्हणजे काय करूया?"

"शीर्षक लिही, ‘रत्नागिरीचे मासे खाताय? आधी हे बघा!’ आणि चित्रात मोठा, चकचकीत मासा. सुरमई. वर लाल अक्षरांत ‘विष?’. प्रश्नचिन्ह घातलं की खोटं होत नाही."

"सुरमई? अरे चिराग, सुरमई खाडीत येते तरी का?"

"बोय कोण ओळखतं, ताई? बोयीवर कोणी बोट ठेवणार नाही. तुला जानूकाकासाठी काहीतरी व्हायला हवंय की नको?"

शेवटचा प्रश्न तिला लागला. खोल समुद्रातली सुरमई आणि खाडीतली बोय यांची कधी गाठ पडत नाही, हे शेंबड्या वयापासून तिला माहीत होतं. शहरातल्या कुठल्या चॅनेलवाल्याने हे केलं असतं तर ती खो खो हसली असती. पण महिनोनमहिने चिखलात बसून केलेलं काम डोळ्यांदेखत बुडत होतं, आणि हरलेल्या माणसाला कव्हर म्हणजे काय कव्हरच, असं वाटायला लागतं. जुन्या चित्रणातून चिरागने एक झकास सुरमई काढली. कापायच्या ओट्यावर आडवी, आणि तिच्यावर एक हात टेकलेला. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस. चित्र छान होतं. रुचिराने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत व्हिडिओ सुसाट सुटला. रुचिराचा फोन तापला. मुंबईच्या वृत्तवाहिनीने तिची मुलाखत मागितली. तिवरबंदरच्या पुलावर सरकारी गाडी आली, पाण्याचे नमुने घेतले, आणि पुढच्या भांगाला पोलिसांनी पुलाखाली टँकर अडवून चौकशी केली. जानूकाका तिच्याकडे नारळ घेऊन आला. वर्षानुवर्षं न दिसलेलं सरकार त्याला त्याच्या खाडीच्या काठाला वाकून बाटली भरताना दिसलं होतं. रुचिराला वाटलं, चिराग खरंच हुशार आहे.

मग एक दिवस सकाळी ठमाबाई तिच्या अंगणात आली. ती कधी बाजार सोडून येत नाही. डोक्यावर पाटी होती, आणि पाटी भरलेली होती.

"मावशी, आज लवकर?"

ठमाबाईने पाटी उतरवली, तिच्यातून एक सुरमई काढली आणि धुण्याच्या दगडावर आपटली. मग आपला हात तिच्यावर ठेवला. हिरव्या बांगड्या, गोंदलेली तुळस.

"बघ, दिसता का तसाच? काढ तुजा मोबाइल. आनी सांग लोकांना, ह्या म्हावऱ्याला काय झालाय ता."

रुचिराने हातातला मोबाइल पाठीमागे धरला.

"मला काय म्हाईत व्हतां? माज्या बाजूला बसता त्या तुळसाच्या नातीनं दाखवलान. म्हनली, आजी, तुजा हात टीव्हीवर आलाय. मी खुश झाले गो! मग वरचा वाचून दाखवलान. विष." ठमाबाईचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "गिऱ्हाइक येता, माज्या हाताकडं बघता नि फुडं जाता. सगळ्यांच्या पाट्या भरून परत जातायत. तुळसा, सावित्री, सगळ्या. त्या मला काय बोलत नायत. माजी भाची ना तू."

"मावशी, खाडीत खरंच घाण टाकतायत. ते खोटं नाही."

"खाडीत टाकतायत, मग खाडीचा बोल! ही सुरमय खाडीत कदी आली? तुला म्हाईत नाय?"

ठमाबाईने पाटी उचलली. सुरमई दगडावर तशीच राहिली. रुचिराला त्या दिवशी ती उचलून आत न्यायचंही सुचलं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण संध्याकाळी व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, "सुरमई खाडीत कधीपासून यायला लागली, मॅडम?" त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. टँकरच्या ठेकेदाराला तर आयतंच सापडलं. एका बातमीदाराला तो म्हणाला, "ज्या बाईंना खाडीतला मासा ओळखता येत नाही, त्यांना टँकर काय ओळखता येणार?" वाक्य झणझणीत होतं आणि ते गावभर फिरलं. पुलाखालचा पाइप, ड्रायव्हरची कबुली, प्रयोगशाळेची तपासणी, सगळं एका खोट्या चित्राखाली गाडलं गेलं. ठेकेदाराला तिला धमकवायची गरजही पडली नाही. त्याचं काम तिनेच करून ठेवलं होतं.

रुचिराला पहिल्यांदा राग आला तो चिरागचा. मग हसणाऱ्यांचा. मग बराच वेळ बसल्यावर तो राग जिथे जायला हवा होता तिथे गेला. चिराग मुंबईत राहतो, त्याला सुरमई ताटात भेटते. ती तर मावशीच्या पाटीजवळ बसून वाढली होती, आणि तरी हो म्हणाली होती.

तिने चिरागला फोन केला. "कव्हर काढ. पहिलंच शीर्षक परत लाव, बोयीचं. टँकरचं चित्र लाव."

"ताई, वेडी आहेस का? व्हिडिओ अजून चाललाय. एवढा चालणारा पुन्हा होणार नाही. आणि आता काढलंस तर लोक म्हणतील बातमीच खोटी होती. ठेकेदार नाचेल."

चिराग मूर्ख नव्हता. त्याचं हे म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते रुचिराला गिळता येईना. नुसतं गुपचूप काढणं म्हणजे पळून जाणं. ठेवणं म्हणजे मावशीच्या पाटीवर रोज पाय देणं. चूक चारचौघांत झाली होती, तर चारचौघांत बोलायला हवं होतं. आणि ते घरात रिंगलाइट लावून बोलायची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली आणि खांबाजवळ, ठमाबाईच्या शेजारी, एक रिकामा क्रेट पालथा घालून बसली. बाजार ओस होता. मासेवाल्या माश्या वारत बसल्या होत्या. तुळसाने तिच्याकडे बघून मान फिरवली. ठमाबाईनेही बघितलं नाही, पण सरकून जागा दिली.

रुचिराने मोबाइल ट्रायपॉडवर लावला आणि सुरू केला.

"मी रुचिरा डोर्लेकर. माझ्या व्हिडिओवर तुम्ही जो हात बघितलात तो हा, माझ्या मावशीचा. ती सुरमई खोल समुद्रातली होती आणि चांगली होती. सुरमई खाडीत येत नाही. मला ते माहीत होतं. तुम्ही बोट ठेवावं म्हणून मी ते चित्र लावलं. त्यामुळे ह्या सगळ्यांच्या पाट्या परत गेल्या, ही माझी चूक आहे." तिने मोबाइलकडे सरळ बघितलं. "आता दुसरं ऐका. तिवरबंदरच्या खाडीत टँकरमधून घाण सोडतात, हे खरं आहे. त्यात बोय मरते, तेही खरं आहे. चित्र माझं खोटं होतं, पाइप त्यांचा खरा आहे. ते चित्र मी आता काढून टाकलंय. पाइप त्यांनी काढावा."

या व्हिडिओला तिने शीर्षक दिलं, "सुरमई खाडीत येत नाही". लाल अक्षरं नाहीत, प्रश्नचिन्ह नाही. चिरागने ते कपाळाला हात लावूनच चढवलं असणार. पहिल्या व्हिडिओच्या मानाने तो फार थोड्यांनी बघितला. पण ज्यांनी बघितला त्यांनी शेवटपर्यंत बघितला, हे चिरागनेच तिला सांगितलं आणि सांगताना त्याच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं.

बोलून झाल्यावर ती लगेच उठून गेली नाही, हे तिचं मोठेपण. कॅमेरा बंद करून ती तशीच क्रेटवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी तिने मावशीकडून एक सुरमई विकत घ्यायचा प्रयत्न केला होता, निदान भवानी तरी व्हावी म्हणून. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती चांगल्या हाताने झाली की दिवस चांगला जातो, असं बाजार मानतो. ठमाबाईने तिचा हात झिडकारला होता. "घरच्या पैशांची भवानी नाय व्हत."

मग एके सकाळी एक बाई आली. हातात कापडी पिशवी, सोबत कोणी नाही, चालण्यात घाई. ती ठमाबाईच्या पाटीपाशी थांबली, सुरमईचा कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघितलं, आणि मग तिचं लक्ष क्रेटवर गेलं.

"अगंबाई, ती सुरमईवाली तूच ना? चुकले म्हणून सांगितलंस ती?"

"हो, मीच."

"मग तूच सांग मला. पाहुणे यायचेत. ही सुरमई घेऊ, की हे बांगडे?"

सगळा बाजार ऐकत होता. तुळसा ऐकत होती, सावित्रीने सुरी खाली ठेवली होती. कित्येक दिवसांत आलेलं हे पहिलं सरळ गिऱ्हाइक. ठमाबाईने भाचीकडे बघितलं.

रुचिराने पाटीत बघितलं. बांगड्यांचे डोळे आत गेलेले होते. मावशीच्या पाटीतला माल तिला लहानपणापासून वाचता येत होता.

"सुरमई घ्या, आजची आहे," ती म्हणाली. "बांगडे कालचे आहेत, बर्फातले. वाईट नाहीत, पण पाहुण्यांना नको."

ठमाबाईच्या चेहऱ्याचा रंग गेला तो गेलाच. सावित्री हसू दाबायला पदर तोंडाशी घेऊन वळली. बाईने मात्र मान हलवली, सुरमई कापून घेतली, आणि जाता जाता शेजारच्या तुळसालाही विचारलं, कोळंबी कशी दिलीस म्हणून.

ठमाबाईने मिळालेली नोट कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत घातली. मग रुचिराकडे वळून ती पुटपुटली, "मावशीचाच माल कालचा सांगता! आनी कुटून शिकलीस गो, इतका खरा बोलायला?"

"तुझ्याकडूनच ना, मावशी. डोळे आत गेले की मासा कालचा."

ठमाबाईने बांगडे उचलून पाटीच्या एका बाजूला वेगळे केले, पाटीतलं पाणी झटकलं, आणि बाजारात शिरणाऱ्या दोन बायकांकडे बघून मोठ्याने हाक मारली, "या गो, या! आजचा आजचा नि कालचा कालचा, इचारा हिला!"

पुलाखालचा टँकर त्यानंतर आला नाही. दुसऱ्या कुठल्या खाडीवर गेला असेल, असं रुचिराला वाटतं आणि ती शोधते आहे. भांगाला पहाटे ती अजूनही तिवरांत जाऊन बसते, आणि कुर्ल्याही फोडते, घर चालवायला. चॅनेलला पहिल्यासारखं उधाण पुन्हा आलं नाही. फक्त एक नियम तिने कानाला खडा लावून स्वतःला घालून घेतला आहे. कुठलाही व्हिडिओ चढवायच्या आधी ती फोन लावते आणि शीर्षक वाचून दाखवते. पलीकडे बाजाराचा गलका असतो, कोयत्याचे घाव ऐकू येतात, आणि मग ठमाबाई ओरडते, "चित्रात काय हाय, ता सांग आधी!"